मुकें चित्र आणि बोलकें वाक्य

गणेश चतुर्थीचा दिवस. गिरगांवांतल्या एखाद्या चाळींत आरती आटोपून मंडळी जेवायला बसण्याच्या बेतांत असतात, आणि इतक्यांत सर्वांच्या मोबाइलवर पुण्याच्या मावशीचें एक छायाचित्र येऊन पडतें. ताटभर उकडीचे मोदक, वर तुपाची धार, आणि खालीं मजकूर: "सगळे घरींच केले." ताटाच्या मागें मिठाईवाल्याच्या खोक्याचा कोपरा दिसतो आहे, हें मात्र मावशीच्या ध्यानांत आलेलें नसतें. वडील माणसें तें पाहून न पाहिल्यासारखें करतात. कॉलेजांत जाणारा भाचा मात्र एक अक्षरहि न लिहितां उत्तर पाठवून मोकळा होतो. उत्तर म्हणजे दोन-तीन सेकंदांचें एक हलतें चित्र: साडी नेसलेले लक्ष्मीकांत बेर्डे, आणि शेजारीं अशोक सराफ. आवाज मुळींच नाहीं. चित्र संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें. तरीहि गिरगांवापासून पुण्यापर्यंत त्या कुटुंबांतील प्रत्येकाच्या कानांत त्या क्षणीं एकच वाक्य उमटतें: "हा माझा बायको पार्वती." मावशीला काय समजायचें तें समजतें, आणि तीहि हसते.

हें वाक्य १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटांतलें. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचें, संवाद वसंत सबनीस यांचे, आणि निर्मिती किरण शांताराम यांची. म्हणजे परळला राजकमल कलामंदिर उभारणाऱ्या व्ही. शांताराम यांच्या घराण्याची. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतलेली होती. पण मराठी घरांतून आतां त्या मूळ चित्रपटाची आठवण क्वचितच कोणी काढतो. पुण्यांत राहावयास जागा मिळेना म्हणून चौघां तरुणांपैकीं दोघे बायकांचा वेष घेतात, आणि धनंजय माने हा त्यांच्यांतला वडीलधारा गृहस्थ घरमालकिणीपुढें आपल्या मित्राची ओळख स्वतःची पत्नी म्हणून करून देतो, असा हा प्रसंग आहे.

यांतला विनोद नेमका कोठें आहे, हें व्याकरणाच्या अंगानें पाहण्यासारखें आहे. 'बायको' हा शब्द स्त्रीलिंगी. तेव्हां त्यामागें 'ही' आणि 'माझी' हींच रूपें यावयास हवीं. पण डोळ्यांपुढें साडींत उभा आहे तो परशा. डोळा पुल्लिंग पाहतो आणि रचलेली बतावणी स्त्रीलिंग मागते. या ओढाताणींत जिभेनें दोन शब्द डोळ्याला दिले आणि एक बतावणीला दिला. खोटें बोलणाऱ्या माणसाची सारी अवस्था चार शब्दांत उघडी पडली! इंग्रजींत हा विनोद व्हावयाचा नाहीं, कारण तेथें 'माझा' आणि 'माझी' यांचें रूप एकच. बंगालींतहि तीच अडचण. शाळेंत लिंगविचार शिकवितांना मुलें पेंगतात. त्याच लिंगविचारावर उभें असलेलें हें वाक्य मात्र तींच मुलें दिवसांतून चार वेळां उच्चारतात, आणि आपण व्याकरणाचा धडा म्हणतों आहों याची त्यांना वार्ताहि नसते.

वाक्य म्हणणारा आणि ज्याच्याकडे पाहून तें म्हटलें गेलें तो, हे दोघेहि नट याच भागांतले, हा निव्वळ योगायोग मानतां येत नाहीं. अशोक सराफ यांचें बालपण ग्रँट रोडजवळच्या चिखलवाडींत गेलें. लक्ष्मीकांत बेर्डे गिरगांवांत वाढले. नट म्हणून नांव होण्यापूर्वीं ते तेथल्याच मुंबई मराठी साहित्य संघांत नोकरीला होते, आणि 'टुरटूर' या नाटकानें त्यांना लोकांपुढें आणलें. चाळीच्या गॅलरींत शब्दाला शब्द लागतो तो क्षणाचाहि विलंब न लावतां. पहिल्या माळ्यावरून आलेल्या टोमण्याला तिसऱ्या माळ्यावरून उत्तर गेलें पाहिजे, आणि तेंहि खालून जाणारा माणूस कोपऱ्यावर वळण्यापूर्वीं! ज्याला ती वेळ साधली त्याचें वाक्य चाळभर होतें, आणि चारसहा महिने प्रत्येकाच्या तोंडीं फिरतें. मोबाइलवरचीं हीं चित्रें निराळें कांहीं करीत नाहींत. फक्त चाळ मोठी झाली आहे.

चित्रपटांतून तें वाक्य मोबाइलमध्यें कसें गेलें, तो प्रवास टप्प्याटप्प्यानें झाला. आधीं थिएटर, मग दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षें होणारीं पुनःप्रक्षेपणें. घरोघर तो चित्रपट संवादांसह पाठ झाला. पुढें इंटरनेट आलें, तेव्हां प्रथम लोक तीं वाक्यें नुसतीं लिहूं लागले. "धनंजय माने इथेच राहतात का?" असें कोणीं लिहिलें, कीं दुसऱ्यानें पुढचें लिहावयाचें, ही एक परवलीच झाली. त्यानंतर स्थिर चित्रावर अक्षरें छापण्याची चाल पडली, आणि तींच अक्षरें अंगरख्यांवरहि आलीं. २०२२ सालीं तर याच वाक्यावरून नांव घेतलेलें एक नाटक रंगभूमीवर आलें, आणि त्यांत प्रिया बेर्डे यांनीं भूमिका केली. शेवटीं चित्र हलूं लागलें, आणि मग अक्षरांची गरजच उरली नाहीं.

हलणाऱ्या चित्राची ही युक्ति पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंत कॉम्प्युसर्व्ह या कंपनींत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं 'जिफ' नांवाचा चित्रप्रकार तयार केला. त्या वेळच्या टेलिफोनच्या तारांवरून मोठीं चित्रें जाण्यास फार वेळ लागे. म्हणून एका चित्रांत फार तर २५६ रंग, अशी काटकसर त्यांत होती. एका धारिकेंत अनेक चित्रें एकामागून एक ठेवण्याची सोय त्यांत होती, आणि १९८९ च्या सुधारणेंत प्रत्येक चित्र किती वेळ थांबावें हेंहि ठरवितां येऊं लागलें. तीं न थांबतां फिरत राहावींत ही व्यवस्था १९९५ सालीं नेटस्केप या कंपनीनें केली. ध्वनीला मात्र त्यांत जागा नव्हती. आज व्हॉट्सॲपवर ज्याला जिफ म्हणतात तो खरें पाहतां आवाज काढून टाकलेला एक लहानसा चित्रपटच असतो. पण मुकेपणाचा तो जुना रिवाज त्यानेंहि सोडलेला नाहीं. अशा गोष्टींना 'मीम' हें नांव पडलें, तो शब्द रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञानें १९७६ सालीं माणसामाणसांत अनुकरणानें पसरणाऱ्या कल्पनांसाठीं बनविला होता. त्याच्या डोळ्यांपुढें साडी नेसलेला परशा नव्हता, एवढें निश्चित.

रेडिओ ऐकत वाढलेल्या पिढीला या मुकेपणाचें विशेष वाटावयास हवें. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सायानी यांचें "बहनो और भाइयो" हें संबोधन देशभर झालें. तेथें आवाज होता आणि चेहरा नव्हता. चेहरा ज्यानें त्यानें आपल्या मनांत काढावयाचा. या नव्या चित्रांत चेहरा आहे आणि आवाज नाहीं. आवाज ज्यानें त्यानें आपल्या कानांत आणावयाचा. पण येथें एक मोठा फरक आहे. न पाहिलेला चेहरा कल्पनेनें काढतां येतो; न ऐकलेलें वाक्य कल्पनेनें ऐकूं येत नाहीं. तें आधीं कानांत सांठविलेलें असावें लागतें. म्हणूनच हें चित्र खरें पोहोंचतें तें ज्या घरानें चित्रपट पाठ केला आहे त्याच घरांत.

ज्या वाक्याला मुळांतच अर्थ नाहीं त्याचें मात्र याहून बरें चालतें. १९८५ सालच्या महेश कोठारे यांच्या 'धूमधडाका' या चित्रपटांत अशोक सराफ पाइप ओढतां ओढतां ठसका लागल्यासारखे "व्याख्या विख्खी वुख्खू" असें कांहींसें म्हणतात. त्यांत व्याकरण नाहीं, शब्द नाहीं, केवळ फजिती आहे. तें चित्र कोणाहि परप्रांतीयाला पाठवा, त्याला तें कळतें.

आणि उलट दिशेनें झालेला प्रवासहि महाराष्ट्रानें पाहिला आहे. २०२२ च्या जूनमध्यें सांगोल्याचे तेव्हांचे आमदार शहाजीबापू पाटील यांचें गुवाहाटीच्या हॉटेलांतून झालेलें फोनवरचें बोलणें सर्वत्र पसरलें. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे शब्द तेव्हां प्रत्येकाच्या तोंडीं होते. येथें चित्र नव्हतेंच. होता तो फक्त माणदेशी आवाज. थोड्याच दिवसांत लोकांनीं त्याला चित्रें जोडलीं, त्यावर गाणीं रचलीं आणि स्टिकर काढले. दादर-गिरगांवचे सुशिक्षित प्रथम त्या 'डोंगार'मधल्या लांबविलेल्या स्वराला हसले, आणि पुढच्याच आठवड्यांत सहलीला गेले असतां तोच स्वर अगदीं मापांत लांबवूं लागले. शहरानें खेड्याच्या बोलीला दिलेली दाद बहुधा अशीच, आधीं हसून, मिळते.

या सर्व प्रवासांत हरवतें काय? सर्वांत आधीं गळतो तो लेखक. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचें नांव त्या दोन सेकंदांच्या चित्रावर कोठेंहि नसतें. नंतर गळतो तो प्रसंग, आणि शेवटीं वाक्यहि गळतें. दहा-बारा वर्षांचीं पुष्कळ मुलें हें चित्र नेमक्या जागीं वापरतात. पण धनंजय कोण, पार्वती कोण आणि चूक कोणती, हें विचारलें तर गोंधळतात. त्यांच्या लेखीं ती एक मुद्रा आहे, 'पकडला गेलास' अशा अर्थाची. नाट्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलायचें तर वाचिक अभिनय गळून आंगिक तेवढा उरला. आंगिक अभिनय कांहीं हलका नव्हे. परंतु 'हा' आणि 'ही' यांमधली ती गंमत मराठीची स्वतःची होती, आणि मुद्रा कोणाचीहि असूं शकते.

मग उरलेली ही मुद्रा तरी कोणाच्या मालकीची? अनिल कपूर यांनीं 'युद्ध' या १९८५ सालच्या चित्रपटांत 'झकास' हा शब्द गाजविला. २० सप्टेंबर २०२३ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्यांच्या दाव्यांत प्रतिवादींना त्यांचें नांव, चेहरा आणि आवाज वापरण्यास मनाई केली. त्या मनाईंत यंत्रबुद्धीनें बनविलेल्या चित्रांबरोबर जिफचाहि स्पष्ट उल्लेख आहे, आणि 'झकास' हा शब्दहि त्यांची ओळख म्हणून त्या दाव्यांत आला. चेहऱ्याच्या बाबतींत हें न्याय्यच झालें. माणसाचा चेहरा कापून त्याच्या तोंडीं भलतेंच घालण्याची कला आतां इतकी सोपी झाली आहे, कीं उद्यां ही पाळी कोणावरहि येईल. पण 'झकास' हा शब्द कांहीं चित्रपटांत जन्मला नाहीं. कोणा व्यापाऱ्यानें नटाची ओळख विकण्यासाठीं तो वापरूं नये, एवढ्यापुरतें ठीक. त्यापुढें तो ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहिला पाहिजे.

बेर्डे यांची गोष्ट तर याहून निराळी. ते १६ डिसेंबर २००४ रोजीं गेले; व्हॉट्सॲप निघालें २००९ सालीं. आपली मुद्रा लक्षावधि लोकांच्या हातांत अशी फिरणार आहे, हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं आणि विचारणें शक्यहि नव्हतें. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें जुलै २०२३ मध्यें म्हटलें कीं, असे व्यक्तिगत हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारसांकडे येत नाहींत. मग उरतो तो चित्रपटाच्या मालकाचा हक्क. तो आपल्या कायद्याप्रमाणें ६० वर्षें, म्हणजे 'बनवाबनवी'च्या बाबतींत २०४८ सालच्या अखेरपर्यंत चालेल. गिरगांवच्या त्या भाच्यावर कोणी खटला भरील असें नव्हे. परंतु त्याच मुद्रेवर कोणीं दुकान मांडलें तर बेर्डे यांच्या घरच्यांनीं काय म्हणावें, याचें सरळ उत्तर आज तरी नाहीं.

वाळकेश्वरच्या तीन बत्तींत वाढलेल्या जॅकी श्रॉफ यांच्या दाव्यांत मे २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें थोडी अधिक बारीक रेषा ओढली. त्यांच्या चित्राचा आणि आवाजाचा धंदा करणाऱ्या कांहीं जणांना मनाई झाली. पण त्यांच्या हजरजबाबी उत्तरांचे तुकडे जोडून एका तरुणानें केलेली चित्रफीत मात्र, दुसरी बाजू ऐकल्याखेरीज, काढून टाकण्यास न्यायालयानें नकार दिला. कारण तशी मनाई नवनिर्मितीवरच घाला घालील. याच दाव्यांत 'भिडू' हा शब्दहि वादाचा होता. लालबागच्या मैदानांत संध्याकाळीं दोन तट पाडतांना मुलें तो शब्द पूर्वींपासून उच्चारीत आलीं आहेत: आधीं नाणें उडवायचें, मग एकेक भिडू निवडायचा, आणि शेवटीं उरलेल्या लहानग्यास कोणींतरी आपल्यांत ओढून घ्यायचें.