लोकरी माव्याचे वैरी



2002 सालचा पावसाळा आठवतो?
पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला.
पानांच्या खालच्या बाजूला जणू पिंजलेला कापूस चिकटलेला.
त्यातून चिकट थेंब खालच्या पानांवर पडायचे…
आणि त्यांवर काळी बुरशी चढायची.

औषध मारावं, तर ऊस डोक्याच्या वर गेलेला.
पंप घेऊन फडात शिरायचं कसं?
शिवाय फवारणीत मित्रकीटकही मरतात.

आणि माव्याला आवर घालण्यात मोठा वाटा होता, तो या मित्रकीटकांचाच.
त्यातले दोन ओळखून ठेवा.
डिफा… आणि मायक्रोमस.

डिफा हा एक छोटा पतंग.
मावा खाते ती त्याची अळी.
माव्याच्या थरातच ती रेशमी जाळं विणते…
आणि आत राहून मावा फस्त करते.
अळी दिसली, की आपला हात लगेच पंपाकडे जातो.
इथे तो आवरा!

मायक्रोमस तपकिरी, जाळीदार पंखांचा.
त्याची अळी मावा खाते, आणि प्रौढ कीटकही.

मग करायचं काय?
उसाचं पान उलटून बघा.
माव्यासोबत डिफाच्या अळ्या आहेत?
मग फवारणी नको.

तुमच्या फडात नसतील, तर शेजाऱ्याकडे विचारा.
अळ्या आणि कोष असलेले पानांचे तुकडे कापून आणा.
ऊन उतरल्यावर, मावा असलेल्या पानांना ते टाचून द्या.

पुन्हा सांगते…
आधी पान उलटा.
मित्रकीटक दिसले, तर फवारू नका.