सायकल बाईच्या मापाची



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, परदेशच्या राजकारणाची चिकित्सा ऐकता. त्या मालिकेत सायकलचा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. परंतु माझी तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर गेली आहेत. विद्यापीठ मी पाहिले ते बाहेरून. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. म्हणून मी हातातल्या वस्तूपासून सुरुवात करतो, आणि तिथून विचार जिथे नेईल तिथे जातो.

आज मला सांगावयाचे आहे ते असे : पाच फूट उंचीच्या बाईने सायकल घ्यावयाची, आणि तीही सडकेवर वेगाने, लांब पल्ल्याला चालणारी, तर ती कशी पारखून घ्यावी? आणि ती पारखण्याची पाळी तिच्यावर का यावी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. आता दुकानात जा. अशी बाई आली की दुकानदार म्हणतो, "ताई ठेंगण्या आहेत, त्यांना बसेल अशी सायकल मागवावी लागेल." माझा आक्षेप या 'ठेंगण्या' शब्दाला आहे. जी सरासरी आहे ती ठेंगणी कशी? देशातल्या निम्म्या बाया जिच्यापेक्षा बुटक्या आहेत, तिला अपवाद कोणी ठरविले? बाई ठेंगणी नाही. सायकल थोराड आहे. ती दुसऱ्या कोणाच्या तरी देहावरून बेतलेली आहे.

आपण ज्या सायकलवर वाढलो ती काळी, आडव्या दांड्याची, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल आठवा. मूळ विलायती घाटाची. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने 'रोव्हर' सायकल काढली, १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि या दोहोंतून आजची सायकल उभी राहिली. ती आपल्याकडे आली ती पुरुषाच्या मापाने. आपल्या पोरांना सीटवर बसून पाय पुरत नसे, म्हणून ती दांड्याखालून पाय घालून कैची चालवीत. आपण त्याचे कौतुक करतो. परंतु त्या कौतुकात एक गोष्ट लपते : पोरगा वर्षा-दोन वर्षांत वाढून सीटवर जातो, त्याच्या आईची उंची काही वाढावयाची नसते. तिने मग सायकल सोडून दिली, किंवा कॅरिअरवर बसून राहिली.

एक अनुभव सांगतो. एका कारखान्याने कामावरच्या बायांना सायकली वाटल्या. हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. परंतु खरेदी एकगठ्ठा, सगळ्या एकाच मापाच्या. हारतुरे झाले, फोटो निघाले. वर्षभराने पाहतो तो बहुतेक सायकलींवर नवरे नाहीतर मुलगे बसलेले, आणि बाया पुन्हा पायी. व्यवस्थापकांनी निष्कर्ष काढला की बायांना सायकलची हौसच नाही. मी एका मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, सायकल त चांगली हाय, पण माहा पाय जमिनीले टेकत नाही. उतरताना पडलो त रोजी कोण देईल?"

या एका वाक्यात सगळा विषय आला. तिला हौस होती, हिंमत होती. वस्तूचे माप चुकले होते. आणि चुकलेल्या मापाचा हिशेब तिच्या स्वभावाच्या खाती मांडला गेला! पुढच्या खेपेला बायांनीच टेप घेऊन एकमेकींचे पाय मोजले, आकडे कागदावर लिहून दिले, आणि सायकली दोन मापांत आल्या. त्या सायकलींवर बाया बसल्या.

कामगार चळवळीचे हे जुनेच सूत्र आहे : हत्यार माणसाच्या मापाचे असावे, माणूस हत्याराच्या मापाचा करू नये. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम होते. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी, संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून, बसण्याची योग्य सोय ठेवण्याचे बंधन त्यात मालकावर घातले होते. बसावयाची जागा हीसुद्धा हक्काची गोष्ट आहे, हे कायद्याला सांगावे लागले. आणि वर्धेकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत एक अट अशी होती की, तो चरखा एखाद्या बाईला फारसे श्रम न पडता सलग आठ तास चालविता आला पाहिजे. पाहा, यंत्र अजून जन्मालाही आले नव्हते, पण ते कोणाच्या अंगाने मोजावयाचे हे आधी ठरले होते. मगनवाडीच्या संग्रहालयात चरखे पाहावयास गेलात तर ही अट मनात ठेवून पाहा.

आता सायकलच्या दुकानात जाऊ. मी खेडेगावच्या साध्या लेडीज सायकलपुरतेच बोलत नाही. आज आपल्या मुली गिअरच्या, वाकड्या हॅन्डलच्या, हलक्या सडक-सायकली घेऊ लागल्या आहेत. पहाटे पवनार, सेवाग्राम करून येतात, कोणी नागपूरपर्यंत मजल मारते. या सायकलींची किंमत हजारांत जाते, आणि माप चुकले तर गुडघा, मनगट आणि मान हे तिन्ही मिळून त्या किमतीवर व्याज वसूल करतात.

पहिले माप पायाचे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्याइतके घट्ट वर दाबावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. हे आपले पायाचे आतले माप. उंची सारखी असली तरी दोन बायांचे हे माप सारखे निघेलच असे नाही. म्हणून उंचीवर विसंबू नये. या मापाला ०.८८३ ने गुणावे. जी संख्या येईल ती पायडलच्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, निदान सुरुवात करण्यापुरती. पायाचे माप ७० सेंटिमीटर असेल तर सीट सुमारे ६२ वर. गुणाकार नको असेल तर सीटवर बसा, पायडल तळाला न्या आणि टाच त्यावर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा हलका बाक आपोआप येतो. सीट याहून खाली राहिली तर गुडघ्यावर भार येतो, वर राहिली तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावते.

पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली करण्याचा मोह होतो. तसे करू नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय जमिनीवर ठेवावयाचे असतात. आणि म्हणूनच आडव्या दांड्याची उंची महत्त्वाची. दांड्यावर पाय फाकून उभे राहिल्यावर अंग आणि दांडा यांच्यात निदान एक इंच मोकळा राहिला पाहिजे. आमच्या मावशींची सायकल नेमकी इथेच नापास झाली होती. अलीकडच्या सायकलींचा दांडा मागे उतरता असतो. बुटक्या माणसाला तो सोयीचा.

दुसरे माप हाताचे, आणि खरी फसवणूक इथे होते. सीट वर-खाली करता येते, परंतु सीटपासून हॅन्डलपर्यंतचे अंतर मुळात सांगाड्याच्या लांबीत असते. दुकानदार सीट खाली करून म्हणतो, "झाली की नाही तुमच्या मापाची?" नाही झाली. बसून पाहावे. कोपरे किंचित वाकलेली राहावीत, खांदे सैल राहावेत, मान न ताणता समोरचा रस्ता दिसावा. हात ताठ झाले तर अंगाचा भार तळहातांवर येतो आणि दहा मैलांत बोटे बधिर होतात. यावर उपाय म्हणून काही जण सीटच पुढे सरकवितात. तो उपाय नव्हे. त्याने हाताचे दुखणे गुडघ्याला जाते. सीट पायासाठी लावावयाची, हॅन्डल हातासाठी. थोडा फरक असेल तर हॅन्डल धरणारा आखूड तुकडा बदलून मिळतो. फार फरक असेल तर ती सायकल सोडून द्यावी.

सायकलींवर ४४, ४८, ५२ असे आकडे असतात. पाच फुटांच्या बाईने ४४ ते ४८ च्या आसपास शोध सुरू करावा. पण हा आकडा प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीने मोजतो, म्हणून त्यावर विश्वास टाकू नये.

लहान सांगाडा करणे कारखान्यांना अवघड का जाते, त्याचेही कारण आहे. सडक-सायकलचे चाक ठरलेले. त्याच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर. सांगाडा आखूड केला की पुढचे चाक पायडलजवळ येते आणि हॅन्डल वळविताना चवडा चाकाला घासतो. ते टाळण्यासाठी कारखाने उंची कमी करतात, पण लांबी तितकीशी कमी करीत नाहीत. सरळ उपाय म्हणजे चाकच लहान करणे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या बाईंनी १९८५ साली कंपनी काढून हेच केले. तिच्या लहान मापाच्या सायकलींना पुढचे चाक मागच्याहून लहान असे. आज ५८४ मिलिमीटर व्यासाच्या लहान चाकांच्या सडक-सायकलीही निघतात. दुकानात हॅन्डल वळवून, चवडा चाकाला लागतो का, हे अवश्य पाहावे.

तिसरी गोष्ट पायडलच्या दांडीची, म्हणजे क्रँकची. बहुधा ती १७० मिलिमीटर असते. आखूड पायाला १६५ किंवा १६० बरी. हिशेब सोपा आहे. दांडी एक सेंटिमीटर आखूड केली की पायडल तळाला एक सेंटिमीटर कमी जाते, म्हणून सीट तेवढी वर घेता येते. आणि वर येताना पायडल एक सेंटिमीटर कमी चढते. दोन्ही मिळून गुडघ्याला दोन सेंटिमीटर मोकळीक मिळते. दिवसाकाठी हजारो फेरे मारणाऱ्या गुडघ्याला दोन सेंटिमीटर म्हणजे थोडी गोष्ट नव्हे.

मग हॅन्डलची रुंदी. ती खांद्याच्या हाडांइतकी असावी. ४२ सेंटिमीटरचे हॅन्डल लहान खांद्यांना रुंद पडते, ३६ ते ३८ चे मिळते. आणि ब्रेक! लहान हाताच्या बोटांना ब्रेकची मूठ पुरत नसेल तर बाकीचे सारे माप व्यर्थ आहे. बऱ्याच मुठींना ती जवळ आणण्याचा एक लहानसा स्क्रू असतो. दुकानदाराकडून तो फिरवून घ्यावा. सीटविषयी एवढेच की, मऊ गादीला भुलू नये. बसताना भार पेलणारी दोन हाडे जिच्यावर नीट टेकतात ती सीट चांगली, मग ती कडक का असेना.

एक इशारा. 'खास स्त्रियांसाठी' एवढे लिहून गुलाबी रंग दिल्याने सायकल बाईच्या मापाची होत नाही. बायांचे पाय लांब आणि धड आखूड असते असे सरसकट सांगतात. तेही मानू नये. आपले अंग, आपली टेप. पुरुषांची म्हणून ठेवलेली सायकल मापाला बसली तर ती खुशाल घ्यावी.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोजमापाने काय साधते? १९९१ च्या सुमारास तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. तिथे कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या बायांनी दांड्याच्या सायकलीही चालविल्या. जिद्द असली की माणूस वाईट हत्यारानेही काम करतो. म्हणून वाईट हत्यार देत राहावे काय? बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीची योजना सुरू झाली, आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढली, असे अभ्यासकांनी मोजून दाखविले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सायकलीची तरतूद झाली. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत वाढते. तिला अशी सायकल हवी की जिचा दांडा आज तिला ओलांडता येईल आणि जिची सीट चार वर्षे वर चढत जाईल. "पुढे होईल तिला" म्हणून मोठी सायकल घेणे म्हणजे तिने चार वर्षे वाट पाहावी, आणि तोवर भावाने ती चालवावी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. मागण्या केल्यावाचून मला व्यासपीठ सोडवत नाही, त्याला आपण क्षमा कराल. सायकली एकगठ्ठा घेणाऱ्यांनी, मग ते सरकार असो, संस्था असो की कारखाना, आधी पायाचे माप घ्यावे आणि निदान तीन मापांत खरेदी करावी. दुकानदारांनी लहान सांगाड्याची एक तरी सायकल दुकानात उभी ठेवावी; बसून पाहिल्यावाचून सायकल विकू नये. आणि घरच्यांनी सायकल घ्यावयास जाताना जी चालविणार आहे तिलाच बरोबर न्यावे. बापाने दुकानात जाऊन पसंत केलेली सायकल बापालाच बसते.

आपल्या जिल्ह्याचे रस्ते बरेचसे सपाट आहेत. काटे आहेत, वैशाखाचे ऊन आहे, परंतु त्यांची आपल्या बायांना सवय आहे. पहाटेच्या पाळीला जाणारी परिचारिका, गृहभेटी देणारी आशा, कॉलेजची मुलगी, या कोणाच्या तरी स्कूटरची वाट पाहत फाट्यावर उभ्या राहतात. तो वेळ त्यांचा आहे. एक टेप, एक पुस्तक आणि भिंत एवढ्या साहित्यावर त्यातला बराचसा त्यांना परत मिळू शकतो. घरी जाऊन आज एक माप तरी घ्या, एवढी विनंती करतो.