मोरीतून वाहून जाणारी ऊब



उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत स्नानाचे ऊन पाणी ही चैन नव्हे, गरज आहे. २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. आणि त्यातील बरीचशी ऊब स्नानानंतर मोरीवाटे निघून जाते.

कॅनडासारख्या शीत देशांत ती परत मिळविण्याची एक साधी योजना वापरात आहे. सांडपाण्याच्या उभ्या तांब्याच्या नळाभोवती तांब्याचीच बारीक नळी गुंडाळतात. सांडपाणी नळाच्या आतल्या अंगाला चिकटून पातळ थराने उतरते; बाहेरच्या नळीतून गिझरकडे जाणारे थंड पाणी वाटेतच कोमट होते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत.

मात्र ते एकाच वेळी वाहावयास हवेत. फवाऱ्याच्या स्नानात हे आपोआप साधते, आपल्या बादलीच्या स्नानात नाही. त्यावर उपाय एकच : एकाचे स्नान चालू असता पुढच्याची बादली भरावी. उभ्या नळासाठी न्हाणीघरही वरच्या मजल्यावर हवे. म्हणून घर बांधतानाच याचा विचार व्हावा.

आपल्या आज्यांनी बंबातली राखही भांडी घासण्यासाठी राखून ठेवली. त्यांच्या नातवंडांनी ऊब तरी का दवडावी?