निवडणुकींतलीं सोंगें

(नवी मुंबईंतील एका आगरी-कोळी गांवच्या बैठकींत एका प्राथमिक शिक्षकांनीं केलेलें भाषण. गांवकऱ्यांच्या आग्रहावरून छापीत आहों.)



आम्ही साधे शाळामास्तर. सभा गाजविण्याची कला आमच्या अंगीं नाहीं. परंतु १५ जानेवारी २०२६ रोजीं महापालिकेची निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, फलक उतरले, आणि गांवांत उरलें काय ? तर सख्ख्या भावाभावांचें बोलणें बंद झालें, तेवढें उरलें ! ज्यांच्यासाठीं हीं घरें फुटलीं ते दोन पुढारी मात्र लग्नाच्या मांडवांत एका पंगतीला बसून जेवतात. हें पाहून राहवलें नाहीं, म्हणून उभे राहिलों आहों.

पहिलें सोंग पहा. भाजप आणि शिंदे यांची शिवसेना राज्यांत एकाच सरकारांत होते. मंत्रालयांत मांडीला मांडी, आणि आमच्या वेशीवर मात्र तेच एकमेकांचीं लक्तरें टांगीत होते. १११ जागांपैकीं बहुतेक जागा या दोघांनींच घेतल्या. आतां भांडण खरें कीं दोस्ती खरी, हें रयतेनें कोणास विचारावें ? त्याच्या आधीं २०१५ सालीं राष्ट्रवादीचे ५२ सदस्य निवडून गेले. २०१९ सालीं विधानसभेच्या तोंडावर त्यांतले बहुतेक पुढाऱ्यामागोमाग भाजपांत गेले. तुम्हांआम्हांस कोणीं विचारलें ? आम्ही एका पक्षास बरें आणि दुसऱ्यास वाईट म्हणत नाहीं. तत्त्वासाठीं पक्ष सोडणारा माणूस आम्हांस वंद्यच आहे. पण मत ज्या नांवावर घेतलें तें नांव टाकतांना मतदाराच्या दारीं यावें, एवढीही लाज नसावी काय ? पुढें मे २०२० पासून पांच वर्षांहून अधिक काळ महापालिकेंत प्रशासकाचा कारभार होता. त्या काळांत तुंबलेल्या गटारापाशीं आपल्याबरोबर किती जण उभे राहिले, तें ज्याचें त्यानें आठवावें.

दुसरें सोंग हुतात्म्यांच्या नांवाचें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ९५ गांवांच्या जमिनींवर हें शहर उभें राहिलें. भात गेलें, मिठागरें गेलीं, खाजणें गेलीं. दि. बा. पाटील साहेबांच्या मागें शेतकरी उठला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरणच्या बाजूस पोलिसांच्या गोळीबारांत आपले पांच शेतकरी पडले. त्या रक्तांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज ज्याला उमेदवारी हवी तो आधीं जासईला जाऊन हार घालतो आणि छायाचित्र काढून घेतो. हार घालूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण हार घालणाऱ्या हातानें पुढें कोणाच्या भूखंडाचा कागद वर सरकविला, हें कोणीं पाहिलें आहे काय ?

विमानतळाला दि. बां.चें नांव द्यावें म्हणून जून २०२१ मध्यें आपण साखळी धरून उन्हापावसांत उभे होतों. २९ जून २०२२ रोजीं जाणाऱ्या सरकारनें शेवटच्या बैठकींत तो ठराव केला, आणि जुलैंत आलेल्या सरकारनें तोच ठराव पुन्हां केला. श्रेयाच्या पाट्या दोघांच्याही लागल्या ! आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें, तेव्हां नांव लागलेलें नव्हतेंच.

तिसरें सोंग आपल्या घरांचें. कुटुंब वाढलें, गांवठाण वाढलें नाहीं, म्हणून गरजेपोटीं घरें बांधलीं. तीं नियमित करण्याचे ठराव २०२२ सालीं निघाले, सप्टेंबर २०२४ मध्यें पुन्हां निघाले. विधानसभेचें मतदान झालें २० नोव्हेंबर २०२४ ला. तारखा शेजारीं शेजारीं मांडून पहा. ठराव वाईट असें नाहीं. पण ठराव म्हणजे पेरणी. कापणी झाली कीं नाहीं, म्हणजे घराचा कागद पेटींत पडला कीं नाहीं, हें प्रत्येकानें आपल्या घरीं जाऊन पाहावें.

आतां मंडळी, पुढाऱ्यांवर बोलणें सोपें आहे. जें अवघड आहे तें आतां सांगतों. २०१५ सालीं एक उमेदवार आमच्याकडे आला. नांव घेत नाहीं. म्हणाला, "मास्तर, वचननामा लिहून द्या. मागचाच घ्या, तारीख तेवढी बदला." सरकारी नोकरानें प्रचारांत हात घालूं नये हा नियम आम्हांस ठाऊक होता. मागचीं वचनें एकही पुरीं झालीं नव्हतीं, हेंही ठाऊक होतें. तरी आम्ही लिहून दिला, आणि देवळांत वाचूनही दाखविला. पैसा घेतला नाहीं. एक शाल आणि एक नारळ, आणि चार लोकांत मान! तो निवडून आला. मासळी बाजाराच्या छपराचा एक पत्रा बदलला नाहीं. पुढें पावसांत टोपलीवर प्लास्टिक धरून बसलेली आमच्या आळींतली एक म्हातारी आम्हांस म्हणाली, "मास्तर, तू लिवलास म्हनून मी त्याला मत दिला." त्या दिवसापासून ती शाल आम्ही अंगावर घेतलेली नाहीं. पुढाऱ्याच्या सोंगाला रंग लागतो तो आमच्यासारख्यांच्या हातानें लागतो. आमचें चुकलें. गांवानें क्षमा करावी.

आणि पाकिटाचें काय ? देणारा आणि घेणारा दोघेही कायद्यानें गुन्हेगार. पण कायदा बाजूला ठेवा, गणित करा. मताला दोन हजार घेतले असें धरूं. पांच वर्षांचे दिवस १८२६. दिवसाला सुमारें एक रुपया दहा पैसे पडले. एवढ्यांत टपरीवर अर्धा कप चहा मिळत नाहीं ! खेकडा खाजणाच्या बांधाला बीळ पाडतो तें बोटाएवढें. पण उधाणाला तेथूनच खांड जाते आणि एकट्याचें नव्हे, सगळ्यांचें शेत खारावतें. पाकीट हें तसलें बीळ आहे.

खरा प्रतिनिधी कसा असतो तेंही ऐका. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटन येणार म्हणून त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्चण्याचें ठरलें. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनीं विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असें त्यांचें म्हणणें. समोर व्हाइसरॉय, आणि जोतीराव स्वतः सरकारनें नेमलेले सभासद ! तरी वाकले नाहींत. आपण आज ज्यांना निवडतों ते आपल्या मतानें जातात. मग त्यांनीं आपल्याला सोडून कोणाला भ्यावें ?

म्हणून आमची सूचना एवढीच. देवळांत एक वही ठेवूं. जो कोणी मत मागेल त्याचें वचन, तारीख आणि सही त्या वहींत घेऊं. सही न देणाऱ्याला नारळ नाहीं. उमेदवाराला मालमत्तेचें आणि खटल्यांचें प्रतिज्ञापत्र द्यावेंच लागतें; तें शाळेंतल्या मोठ्या मुलानें चावडीवर मोठ्यानें वाचावें. आणि दर वर्षीं १७ जानेवारीला, हुतात्म्यांना हार घालण्यापूर्वीं, ती वही सर्वांसमोर उघडावी. प्रभागांतून एकाऐवजीं अनेक निवडून गेले आहेत, तेव्हां एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय झाली आहे. वहींत मात्र ज्याचें वचन त्याच्याच नांवापुढें राहील.

ती वही आम्ही आज बरोबर आणली आहे. पहिल्या पानावर २०१५ चा तोच वचननामा आम्ही लिहिला आहे, आणि खालीं आमची सही केली आहे. मासळी बाजाराचें छप्पर व्हावें म्हणून अर्ज घेऊन महापालिकेंत जाणें हें आमच्याकडे लागलें. सोबत कोण येतें तें सांगा. आणि ज्या दोघा भावांचें बोलणें बंद आहे, त्यांनीं या बैठकींतून उठतांना एका वाटेनें घरीं जावें, एवढी विनंति करून आम्ही खालीं बसतों.