कापड पारखणाऱ्यांची तसबीर

श्रोतेहो, आपल्या घरी भिंतीवर तसबिरी कुणाच्या असतात? देवाच्या, थोर पुरुषांच्या, नाही तर वडीलधाऱ्यांच्या. युरोपातही एके काळी चित्रकारापुढे बसण्याचा मान बहुतेक राजे, सरदार आणि धर्मगुरू यांनाच मिळे.

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ही रीत पालटली. तिथे राजा नव्हता. धान्य, मासे, लाकूड, कापड यांच्या व्यापारावर ॲमस्टरडॅम, हार्लेम ही शहरे वाढली आणि कारभार व्यापाऱ्यांच्या हाती आला. नव्या पंथाच्या देवळांत चित्रे नकोशी झाली, तेव्हा चित्रकारांनाही नवे गिऱ्हाईक हवेच होते. मग दुकानदाराला वाटू लागले, आपलाही चेहरा मागे का राहू नये?

ॲमस्टरडॅमच्या कापडवाल्यांच्या संघासाठी रेम्ब्रांटने १६६२ साली एक चित्र रंगवले. टेबलावर लाल गालिचा. भोवती काळ्या पोशाखातले पाचजण. डोक्यावर टोप्या, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या. हे कोण? कापडाचे तपासनीस! रंगवलेले कापड नमुन्याशी ताडून पाहायचे, प्रत ठरवायची आणि तसा शिक्का मारायचा, हे त्यांचे काम. त्या शिक्क्यावर भरवसा ठेवून गिऱ्हाईक पैसे मोजी. हाती तलवार नाही, अंगावर दागिना नाही. समोर एक वही उघडी आहे, एवढेच. आपण आत शिरलो म्हणून जणू सगळे मान वर करून पाहताहेत. एकजण तर अर्धवट उठलाच आहे!

आणि चित्रकार? १६५६ साली त्याचे दिवाळे वाजले होते. घर, सामान, जमवलेली चित्रे, सारे विकले गेले. तरीही संघाने हे काम त्यालाच सांगितले. पत गेली होती, पण हात गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कापड विणणारा, रंगवणारा या चित्रात नाही. पैसा आला त्याचा चेहरा उरला; हात झिजले त्याचा नाही. मागे एक सहावा माणूस उभा आहे, तो संघाचा नोकर. तो कसा ओळखायचा? त्याच्या डोक्यावर टोपी नाही.

गुरुजी, हे चित्र कुठे मिळाले तर वर्गात जरूर दाखवा. नोकर कोणता, ते मुलांनाच शोधू द्या. मग विचारा, आपल्या गावातल्या कुणाची तसबीर काढायची राहून गेली आहे?