न कळलेल्या कवितेचं काय करायचं?



संमेलनाध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ती पुरेशी वाहिली आहे, त्यामुळे मी मोकळा झालो. मी बोलणार आहे एका जुन्या तक्रारीबद्दल. आपण कविता वाचतो हे कळलं की एसटीत शेजारी बसलेला माणूसही ती ऐकवतो: ‘आजकालची कविता काही कळत नाही बुवा!’

हे ‘आजकाल’ निदान पाऊणशे वर्षांचं आहे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ 1939 साली आला, तेव्हा कुणाचं फारसं अडलं नाही. हळवी, ओळखीच्या वळणाची कविता होती ती. 1947 साली ‘काही कविता’ आल्या आणि गहजब झाला. पिपात मरून पडलेल्या उंदरांवर कविता? तीही अशी घट्ट लयीत बांधलेली, की एकदा ऐकली तर दिवसभर डोक्यातून जात नाही आणि म्हणते काय ते मात्र धड सांगता येत नाही! कुणाला त्या उंदरांत महायुद्धानंतरचा माणूस दिसला, कुणाला महानगरातली घुसमट, तर कुणाला नुसते उंदीरच दिसले. त्याच पुस्तकावर पुढे अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून मर्ढेकर सुटले. मला एका गोष्टीची गंमत वाटते. ही कविता दुर्बोध आहे आणि अश्लीलही आहे, असे दोन्ही आरोप तेव्हा एकाच दमात होत होते. जे कळत नाही ते अश्लील आहे, हे कळलं कसं?

पण मला आरोपांपेक्षा वाचकाची द्विधा मनःस्थिती जास्त महत्त्वाची वाटते. ती पाहायची तर ग्रेस यांच्याकडे जावं लागतं. 1967 सालच्या ‘संध्याकाळच्या कविता’पासून त्यांच्या नावाला दुर्बोध हे विशेषण चिकटलं ते शेवटपर्यंत. पण त्यांच्या व्याख्यानांना गर्दी व्हायची. ‘महाश्वेता’ मालिकेचं शीर्षकगीत त्यांचं. हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज. संध्याकाळी कणीक मळता मळता ते गुणगुणणाऱ्या बाईला तुम्ही दुसऱ्या कडव्याचा अर्थ विचारा. ती हसेल, ‘ते काही सांगता येणार नाही’ म्हणेल आणि पुढचं कडवं सुरू करेल. हीच कविता छापील पानावर समोर आली की तीच बाई म्हणते, ‘हे माझ्यासारखीचं काम नव्हे.’

एका ग्रंथालयातली ‘संध्याकाळच्या कविता’ची प्रत मी पाहिली आहे. एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने दाबून लिहिलं होतं, ‘म्हणजे काय?’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईत, ‘मलाही नाही कळलं, पण दोनदा वाचली.’ आणि त्याखाली तिसऱ्याच कुणीतरी फक्त कवितेतल्या एका ओळीकडे बाण काढला होता. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे ग्रंथपालांच्या वतीने मीही सांगतो. पण ग्रेस यांच्यावरच्या बऱ्याच प्रबंधांपेक्षा मला तो समास जास्त प्रामाणिक वाटला.

त्या समासात तीन माणसं एकमेकांना न भेटता बोलत होती. आपल्या परंपरेत अवघड कविता नेहमी अशीच, चारचौघांत वाचली गेली. मुंगीने आकाशात उडून सूर्य गिळला, असं सांगणारा मुक्ताबाईंचा अभंग घ्या. त्याच्यापुढे कुठलाही नवकवी सरळसोट वाटेल. तरी वारकऱ्यांनी तो शतकानुशतकं गायला, कारण तो एकट्याच्या गळ्यात कधी पडला नाही. समोर कीर्तनकार असायचा. तो अभंग उलगडायचा, मध्येच एखादा दृष्टांत द्यायचा, पुन्हा धृपदावर यायचा. पुढच्या वर्षी दुसरा बुवा त्याच अभंगाचा दुसराच अर्थ लावायचा आणि त्यावरून कुणी मांडव सोडून उठत नसे. आर्या आणि यमकांच्या कसरतींनी भल्याभल्यांना घाम फोडणारे मोरोपंत तर स्वतःच पुराणिक होते.

छापील कवितासंग्रहाने हा मधला माणूस काढून टाकला. वाचक एकटा पडला आणि त्याची गाठ शाळेतच भलत्या माणसाशी, म्हणजे परीक्षकाशी, घालून दिली गेली. पूर्वी ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ होतं. हल्ली दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेतून मिळणारा संदेश विचारतात आणि कविता आवडण्याची किंवा न आवडण्याची कारणंही. न आवडण्याची कारणं लिहिणारं पोर मला अजून भेटायचं आहे. हातचे गुण कोण घालवणार? शिवाय गाइडमध्ये संदेश तयारच असतो. प्रत्येक कवितेच्या पोटात एक उत्तर दडलेलं आहे आणि ते हुशार मुलालाच सापडतं, हे दहा वर्षं मनावर बिंबल्यावर माणूस मोठेपणी कवितेला बिचकणारच. त्याची चीड कवितेवर असते त्याहून जास्त त्या परीक्षेवर असते.

आम्ही समीक्षकांनी या भीतीत भर घातली, हेही याच व्यासपीठावरून सांगायला हवं. ‘अनेकार्थक्षम प्रतिमासृष्टी’ असं लिहिलं की आमचं काम झालं. याला अपवाद आहेत. विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याला 1993 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो वाचताना सोबतीला कुणीतरी बसलं आहे असं वाटतं. पण असे ग्रंथ किती?

आता कवींनाही दोन शब्द. सगळं अवघड सारखं नसतं. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त हायपेशिया येते, कॅसांड्रा येते, नादेझ्दा येते. ती नावं शोधून काढली की वाट मोकळी होते, कारण भाषा तुमच्याआमच्या बोलण्यातलीच आहे. मर्ढेकरांचं अवघडपण बांधणीत आहे. तिथे एक शब्द हलवला तर सगळं कोसळतं. मात्र माझ्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या संग्रहांत तिसराच प्रकार बोकाळलाय. मी त्यातल्या ओळींची खुशाल अदलाबदल करतो, चौथी वर, पहिली खाली. कवितेच्या अंगाला ओरखडाही उठत नाही. ती कविता अवघड नसून सैल आहे. तिला ‘कळली नाही’ म्हणणाऱ्या वाचकाने ओशाळण्याचं कारण नाही. त्याला जे कळलं ते बरोबर कळलं! असं धुकं पांघरून ग्रेस यांच्या पंगतीला बसू पाहणाऱ्यांमुळे खऱ्या अवघड कवितेचा वाचक विनाकारण कावतो.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तीन परिसंवाद आहेत. विषय भारदस्त आहेत, ते पुढच्या वर्षीही तितकेच भारदस्त राहतील. त्यातला एक रद्द करा आणि तो सगळा वेळ एका कवितेला द्या. कवी हयात नसलेला बरा, म्हणजे ‘तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?’ हा प्रश्न येणार नाही. आधी कविता दोनदा मोठ्याने वाचायची. मग ज्याला जे वाटलं ते त्याने बोलायचं आणि प्राध्यापकांनी पहिली वीस मिनिटं गप्प बसायचं. हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.

उंदरांच्या कवितेच्या झेरॉक्स मी काढून आणल्या आहेत, नोंदणीच्या टेबलावर आहेत. सगळ्यांना पुरणार नाहीत. दोघांत एक घ्या.