सत्कारानंतरची जबाबदारी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आज पाथरीत तुमच्या बक्षीस समारंभाला उभे राहताना पुरस्कारांविषयीच बोलावेसे वाटते. निःस्वार्थपणे समाजाची सेवा करणाऱ्यांचा गौरव व्हायलाच हवा. मात्र त्या गौरवाने गौरव करणाऱ्यांवर जबाबदारी येते, हे आपण विसरतो. यावर कोणी म्हणेल, खऱ्या सेवेला पुरस्कार कशाला? आक्षेप रास्त आहे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात दहिवंडीचे शब्बीर सय्यद अनेक वर्षे गाई सांभाळत आले. २०१९ ची पद्मश्री नंतर आली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. पुरस्कार नसता तरी ही माणसे थांबली नसती. पण तो नसता तर आपल्यापैकी किती जणांना ती ठाऊक झाली असती? पुरस्काराची गरज सेवकापेक्षा समाजाला अधिक असते, कारण कोणाकडे पाहून जगायचे हे तो नव्या पिढीला सांगतो.

दुसरा आक्षेप वशिल्याचा. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण योग्य नावे पुढे आली नाहीत, तर वशिल्याचीच उरतात. आज पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक शिफारस करू शकतो. आपल्या तालुक्यात मुकाट्याने काम करणारी माणसे तुम्ही पाहता; त्यांच्या कामाची नीट नोंद करणे हे तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींना सहज जमण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: सत्कार करून हक्क टाळले जातात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशाताईंना सन्मानित केले. देशाने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. शाल-श्रीफळाने घर चालत नाही. सेवाभावाचे कौतुक करायचे आणि कष्टाचा मोबदला मात्र रोखायचा, हा गौरव नव्हे, अन्याय आहे. म्हणून सन्मान आणि हक्क दोन्ही हवेत.

गौरवाला जबाबदारीची जोड कशी द्यावी, याची एक चांगली वाट महाराष्ट्राने दाखवली आहे. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस एका व्यक्तीला नव्हे, गावाला होते. ते मिळवायचे तर साऱ्या गावाला हातात खराटा घ्यावा लागे. गौरवाची खरी कसोटी हीच: सत्कारानंतर त्या कामात किती हात वाढले? पाथरीत पुढे ज्यांचा सत्कार होईल, त्यांच्या कामात आठवड्याचा एक तास तरी देण्याचा निश्चय तुम्ही करा. तुमच्या टाळीपेक्षा तुमच्या सोबतीची त्यांना अधिक गरज आहे.